मला न दिसलेले पट्टे

“दिसतात का?” प्रिन्सिपलसाहेबांनी अंधारातून इंग्रजीत विचारलं.

“येस सर,” मी म्हणालो.

मला काहीही दिसत नव्हतं. म्हणजे एक पिवळा उजेड दिसत होता, पातळ कढीसारखा, सगळीकडे सारखा. त्यात बारीक उभे काळे पट्टे दिसायला हवे होते. ते नव्हते.

मी बाजूला झालो. साहेबांनी आयपीसला डोळा लावला. ते समुद्राकडच्या आंध्रातून नुकतेच बदलून आलेले, विषय इतिहास. दोन-तीन सेकंदांत “व्हेरी नाइस” म्हणून ते बाहेर गेले, आणि त्याच दिवशी युनिव्हर्सिटीला पत्र टाकलं की बायप्रिझमचा प्रयोग मांडून तयार आहे, लेक्चररनं स्वतः पट्टे पाहिले आहेत. एका “येस सर”चं असं सरकारी कागदात रूपांतर झालं. माझी सही त्यावर नव्हती, एवढंच काय ते समाधान.

राज्यं भाषेप्रमाणे नव्यानं आखली गेली, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. हैदराबाद राज्याच्या तीन वाटण्या झाल्या. आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा तिकडे मुंबई राज्यात गेले, आणि माझं मुधोळ नांदेडातून निघून इकडे आलं. मी आदिलाबादच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो आणि दोन वर्षं गावाकडे बदली मागत होतो. बदली काही मिळाली नाही, गावच माझ्या जिल्ह्यात आलं. आमचे बाबा म्हणाले, “अर्ज जरा जास्तच कडक लिहिला तू.”

माणसांसारखीच सामानाचीही वाटणी झाली. मुंबई राज्यात गेलेल्या एका कॉलेजासाठी मागवलेली काही उपकरणं हैदराबादच्या गोदामात अडकली होती. ती उरलेल्या कॉलेजांत वाटली गेली. त्यातली एक पेटी दसऱ्याच्या आठवड्यात स्टेशनवरून बैलगाडीनं आमच्याकडे आली. आत गवतात गुंडाळलेला एक ऑप्टिकल बेंच होता, म्हणजे लांब लोखंडी रूळ आणि त्यावर मागेपुढे सरकणारे पितळी खांब. शिवाय एक आयपीस, एक फट, म्हणजे मधोमध चीर असलेली पितळी तबकडी, आणि एका छोट्या डबीत काचेची चौकोनी वडी. ती वडी म्हणजे बायप्रिझम.

वाचकांसाठी थोडं सोपं करून सांगतो. प्रिझम म्हणजे लोलक, काचेचा तिकोनी तुकडा. दोन अगदी पातळ लोलक पायाला पाय लावून जोडले की बायप्रिझम होतो. पाहिलं तर साधी काच वाटते. नीट उजेडात धरली तर मधोमध एक पुसट रेघ दिसते, फार कमी उताराच्या छपराच्या आढ्यासारखी. एका बारीक फटीतून आलेला उजेड या काचेतून गेला की दोन फटींतून आल्यासारखा होतो. मग ते दोन उजेड एकमेकांवर पडतात. विहिरीत शेजारीशेजारी दोन खडे टाकले की दोघांच्या लाटा कुठे एकमेकींना उचलतात आणि कुठे मारून टाकतात, तसंच इथे होतं. उजेडात उजेड मिसळून काही ठिकाणी चक्क अंधार होतो. त्या उजेड-अंधाराच्या ओळी म्हणजे आमचे पट्टे. दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजलं की उजेडाच्या लाटेची लांबी काढता येते. ती इतकी लहान असते की माणसानं ती लोखंडी रुळावर मोजावी हेच मोठं नवल.

हे सगळं मी वर्गात फार चांगलं सांगायचो. विहिरीचा दाखला माझाच. फक्त एक गोष्ट कोणाला माहीत नव्हती. मी हे पट्टे आयुष्यात कधी पाहिलेच नव्हते.

मी हैदराबादला शिकलो तेव्हा सायन्ससुद्धा उर्दूत शिकवत. लोलकाला मनशूर म्हणत. प्रॅक्टिकलला एका बेंचवर आम्ही चौघं. एकजण पाहायचा, एकजण स्क्रू फिरवायचा, एकजण दिवा सांभाळायचा. माझं अक्षर सुंदर, म्हणून मी लिहायचो. बायप्रिझमच्या दिवशी जो पाहत होता तो आकडे सांगत गेला आणि मी मोत्यासारखे मांडत गेलो. परीक्षेच्या साली हैदराबादेत सगळीच उलथापालथ चाललेली, प्रॅक्टिकल कसंबसं उरकलं. परीक्षकांनी वही पाहिली, अक्षर पाहिलं आणि पुरे म्हणाले. मी शिकवायचो त्या इंटरच्या प्रॅक्टिकलमध्ये बायप्रिझम नव्हता. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं माझी झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली.

आता इंटर मोडून पी.यू.सी. नावाचं एक वर्ष आणि त्यावर तीन वर्षांची डिग्री अशी नवी रचना येत होती. आमच्या कॉलेजनं बी.एस्सी. मागितली. युनिव्हर्सिटीचं म्हणणं, तुमची लॅब तेवढी आहे का? कागदी तपासणीत बाकी सगळं निभावलं. मग कळवण्यात आलं की संक्रांतीनंतर एक प्रोफेसर येतील, त्यांना बायप्रिझमचा प्रयोग प्रत्यक्ष मांडून दाखवा, त्यावर निर्णय होईल.

बी.एस्सी. निघाली नसती तर कॉलेज बुडणार नव्हतं. पोरं हैदराबादला गेली असती, काही नागपूरला गेली असती. पण माझ्या वर्गात एक मुलगी होती, कमल. वर्गातली एकटी मुलगी. तिचे वडील विठ्ठलराव यांचं कापूसबाजाराजवळ बारदान-सुतळीचं दुकान. लॅबच्या खिडक्या झाकायला काळा कपडा मिळेना, तेव्हा मी त्यांच्याकडे पोती मागायला गेलो. त्यांनी मोजून बारा पोती दिली आणि वर मला बसवून घेतलं.

“सर, एक खरं सांगा. ती बी.एस्सी. इथं निघते का नाई?”

“काऊन?” मी विचारलं. दुकानात मी गावच्या बोलीतच बोलायचो.

“पांढरकवड्याचे पाहुणे पोरीले पाहाले येतो म्हणून राह्यले. पोरगं चांगलं हाय. पोरगी म्हणते, मले शिकाचं हाय. मी म्हटलं, आदिलाबादेत असंल तर शीक, मी आडवा येत नाई. पण हैदराबादेले एकटी पाठवाची माझी छाती नाई. तुमी म्हणसान निघते, तर मी पाहुण्यायले थांबवतो.”

मी उठून पोती खांद्यावर घेतली होती. त्या वजनाखाली माणसानं खोटं बोलू नये, पण मी बोललो.

“निघते,” मी म्हणालो. “थांबवा त्यांना.”

मग पुढचे पंधरा दिवस मी त्या अंधाऱ्या खोलीत काढले. दुपारच्या वेळी पोती लावून, दार लोटून. सुरुवातीचा तो “येस सर” याच दिवसांतला. या प्रयोगाला एकाच रंगाचा उजेड लागतो, पण सोडियमचा पिवळा दिवा आमच्याकडे नव्हता. त्याला एक जुना उपाय असतो. स्पिरिट लॅम्पच्या ज्योतीत मीठ धरलं की ज्योत पिवळीधमक होते, कारण मिठात सोडियम असतं. आमचे लॅब अटेंडंट राजन्ना वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षं मोठे. ते तारेच्या झाऱ्यात खडेमीठ घेऊन ज्योतीत धरत. मीठ तडतडत उडे. पहिल्या दिवशी त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, “सार, दिष्टि तीस्तुन्नारा?” म्हणजे दृष्ट काढताय का. मी म्हणालो, नाही, प्रयोग आहे. आठव्या दिवसापर्यंत मलाही वाटायला लागलं की दृष्टच काढून पाहावी.

या प्रयोगाची खोड अशी. फट केसाएवढी बारीक हवी, आणि काचेवरची ती पुसट रेघ फटीला अगदी समांतर हवी. जरा तिरपी झाली की पट्टे नाहीसे. त्यासाठी काचेच्या खांबाला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवत फिरवत जुळवायचं. मी तो स्क्रू इतका फिरवला की बोटाला घट्टा पडला. फटीलाही स्क्रू असतो, तो फिरवला की पितळेच्या दोन पट्ट्या जवळ येतात आणि फट मिटत जाते. तो मी एकदाच फिरवला. थोडा फिरून घट्ट झाला, तेव्हा मी समजलो, फट झाली बारीक. जोर लावायची हिंमत नव्हती. स्टॉक रजिस्टरवर सही माझी होती.

कमलला मी मदतीला घेतलं होतं, कारण तिची नजर चांगली होती आणि ती बडबड करत नसे. एके दिवशी ती फटीसमोर वाकली आणि म्हणाली, “सर, ही फट वरून बारीक हाय अन् खालून रुंद दिसून राह्यली.”

“तसंच असतं,” मी म्हणालो.

ती मागे सरली. सर म्हणाले म्हणजे तसंच असणार. हे वाक्य मी नोकरीत किती वेळा वापरलं असेल देव जाणे, पण एवढं महाग कधी पडलं नव्हतं.

प्रोफेसर यायला तीन दिवस राहिले आणि मी शेवटचा उपाय केला. पुस्तकात सोडियमच्या उजेडाच्या लाटेची लांबी दिलेलीच असते, पाच हजार आठशे त्र्याण्णव. एकक इतकं बारीक की ते सोडून द्या. उत्तर माहीत असलं की उलटा हिशेब करून रीडिंग तयार करता येतात. पोरं याला रीडिंग शिजवणं म्हणतात. मी मोठा कागद घेतला आणि पट्ट्यांची वीस रीडिंग शिजवली. मध्येमध्ये एखाद्या आकड्यात मुद्दाम थोडी चूक घातली, खरं वाटावं म्हणून. उत्तर आणलं पाच हजार आठशे नव्वद. तीनचा फरक ठेवला. शिजवणाऱ्याला मीठ किती घालायचं कळलं पाहिजे. कागद बेंचशेजारी भिंतीला लावला. अक्षर नेहमीसारखंच सुंदर होतं.

ठरल्या दिवशी प्रोफेसर आले. सडपातळ, साठीच्या जवळचे, अंगात जुनी शेरवानी, वरच्या दोन गुंड्या मोकळ्या. मी शिकलो तेव्हा ते दुसऱ्या विभागात शिकवत. मला ते ओळखत नव्हते, मी त्यांना ओळखत होतो. ते आत आले, पोत्यांचा वास घेतला, शेरवानीवर उडालेला कापूस झटकला आणि सरळ भिंतीवरच्या कागदाजवळ गेले.

“माशाअल्ला. क्या खत है! कौन लिखे?” खत म्हणजे अक्षर.

“मैंने, सर.”

“रीडिंगां भी आपीच लिये?”

“जी.”

ते कागद बराच वेळ वाचत राहिले. मला वाटलं, अक्षर पाहून जुन्या परीक्षकांसारखे तेही पुरे म्हणतील. राजन्नांनी मीठ ज्योतीत धरलं. प्रोफेसर बेंचवर वाकले, आयपीसला डोळा लावला, काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग सरळ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

प्रिन्सिपलसाहेब घाईनं म्हणाले, “ही हॅज सीन देम, प्रोफेसर. आय हॅव रिपोर्टेड.”

“हौ, पढा मैं रिपोर्ट,” प्रोफेसर म्हणाले. मग त्यांनी कोपऱ्यात वही घेऊन उभ्या असलेल्या कमलला बोलावलं. “बेटी, इधर आओ. तुम्हारी आंखां जवान हैं. देखो, हौर जो दिखता सो बोलो.”

कमल पुढे आली. तिनं वाकून पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

त्या पोरीला पट्टे दिसत नव्हते हे मला माहीत होतं. “दिसतात” म्हटलं तर बी.एस्सी. निघण्याची थोडी आशा होती, सर वाचणार होते, पांढरकवड्याचे पाहुणे थांबणार होते. “दिसत नाहीत” म्हटलं तर सर खोटे आणि तिची पुढची वर्षं दुसऱ्याच कोणाच्या हातात. हे ओझं मी माझ्या एका “येस सर”नं तिच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि ती बिचारी ते दोन्ही हातांनी तोलत उभी होती. मला माझी इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही.

“सर, तिला विचारू नका,” मी म्हणालो. घाईत मराठीतच म्हणालो, मग हिंदीत. “नहीं दिखते. मुझे भी नहीं दिखते. वो कागज झूठा है.”

राजन्नांनी झारा ज्योतीतून बाजूला घेतला.

“आज नै दिखते?” प्रोफेसरांनी विचारलं. “या कभीच नै दिखे?”

“कभी नहीं.”

“बी.एस्सी. में?”

“बी.एस्सी. में मैं लिखनेवाला था.”

“हौर देखनेवाला कौन था?”

“वो अब नांदेड में वकील है, सर.”

प्रोफेसर हसले. मोठ्यानं नाही, पण खांदे हलले. प्रिन्सिपलसाहेब हसले नाहीत. त्यांना ते “व्हेरी नाइस” आठवलं असावं, कारण त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि पोत्यांकडे पाहत राहिले.

मग प्रोफेसरांनी विचारलं, किती दिवस झटापट चालली आहे, काय काय जुळवून पाहिलं. मी सांगत असताना कमल हळूच म्हणाली, “सर, ते फटीचं सांगू का?” आणि माझ्या होकाराची वाट न पाहता तिनं प्रोफेसरांना तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं की फट वर बारीक, खाली रुंद आहे.

“ये इनको बताये थे?” त्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं.

“बतायी थी,” मी म्हणालो. “मैं बोला, ऐसाच रहता.” एकदा खरं बोलायला लागलं की मग सवय होते.

प्रोफेसरांनी फट खांबावरून काढली, दाराशी उजेडात नेली, स्क्रू मागे फिरवून तिची तोंडं पूर्ण उघडली. मग शेरवानीच्या कॉलरची टाचणी काढून पितळेच्या खोबणीत घातली. काहीतरी निघालं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, चष्म्याजवळ नेलं.

“ये कौन सा पार्ट है जी? कंपनी की लिस्ट में तो नै है.”

लाल रंगाचा, अर्धा तुटलेला तांदळाचा दाणा होता. अक्षता.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याचं जे हत्यार त्याची पूजा होते. सुतार पटाशीची करतो, न्हावी वस्तऱ्याची, तेलुगू मंडळी त्याला आयुधपूजा म्हणतात. आमच्या लॅबमध्येही दरवर्षी व्हायची. राजन्ना नारळ आणायचे आणि मी सगळ्या उपकरणांना हळदकुंकू लावून अक्षता वाहायचो. त्या वर्षी बेंच नवा. त्याचा मान मोठा. फटीचा पितळी खांब उभा, वर गोल तबकडी, अगदी कपाळासारखी. मी भक्तिभावानं ओलं कुंकू लावलं आणि मुठीनं अक्षता टाकल्या. पेटीतून आली तेव्हा फट पूर्ण उघडी होती. एक दाणा आत उतरला, खालच्या खोबणीत बसला आणि कुंकवाच्या ओलीनं तिथेच वाळला. त्यानंतर फट वरून मिटायची, खालून तो दाणा मिटू द्यायचा नाही. पंधरा दिवस मी काचेला दोष देत होतो. पूजा मात्र शास्त्रोक्त झाली होती.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. राजन्नांनीही मान हलवून दुजोरा दिला आणि नारळ चांगला निघाला होता, हेही सांगितलं.

“पूजा कौन किये?”

“मैं ही.”

“फिर तो फल मिलना चाहिये,” प्रोफेसर म्हणाले, आणि कमलला दोरा मागितला. तिनं भिंतीवरच्या पोत्याची एक सुतळी उसवून तिचा बारीक धागा काढला. तो फटीतून दोन-तीन वेळा ओढून त्यांनी लाल चुरा साफ केला. फट पुन्हा खांबावर बसली. राजन्नांनी नवीन मीठ घेतलं. प्रोफेसरांनी स्क्रू फिरवला, आता तो शेवटपर्यंत गेला. मग त्यांनी काचेचा स्क्रू इतका थोडा फिरवला की मला वाटलं त्यांनी नुसता हात ठेवला. डोळा काढला आणि बाजूला झाले.

“पहले आप,” ते मला म्हणाले.

मी वाकलो. पिवळ्या उजेडात बारीक, सरळ, काळे पट्टे उभे होते. एकाशेजारी एक, सगळे सारख्या अंतरावर, जणू कोणी माझ्या अक्षरापेक्षा सुंदर अक्षरात आखले होते. उजेडात उजेड मिसळून अंधार होतो, असं मी इतकी वर्षं सांगत आलो होतो, आणि ते खरं होतं! मला अतोनात आनंद झाला. डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आल्याबरोबर पट्टे पुन्हा दिसेनासे झाले. प्रोफेसर मागून म्हणाले, “आंख पोंछो, मास्टरसाब. पानी में से लकीरां नै दिखते.”

कमलनं पाहिलं. राजन्नांनी पाहिलं, आणि ते पुन्हा झारा धरायला गेले. प्रिन्सिपलसाहेबांनी या वेळी बराच वेळ पाहिलं. बाजूला होताना ते हळू आवाजात म्हणाले, “दे आर ब्लॅक.” या खेपेला त्यांनी खरंच पाहिलं होतं.

मग प्रोफेसरांनी सांगितलं, आता मोजा. कमल पाहायला बसली, मी सवयीनं पेन्सिल उचलली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि लिहायला स्वतः बसले. आम्ही दोघांनी आळीपाळीनं पाहून वीस रीडिंग घेतली. उत्तर आलं सहा हजार दोनशे दहा. पुस्तकापासून बरंच लांब. माझा चेहरा पडला. प्रोफेसरांनी मात्र तो आकडा आपल्या डायरीत लिहून घेतला. जाताना त्यांनी भिंतीवरचा माझा सुंदर कागद काढला, चार घड्या घातल्या आणि शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवला. काय करणार ते सांगितलं नाही.

पुढचा महिनाभर मी नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. विठ्ठलरावांच्या दुकानावरून जायचं टाळायचो, पोतीसुद्धा राजन्नांच्या हाती परत पाठवली.

एका सकाळी प्रिन्सिपलसाहेबांनी बोलावलं. टेबलावर युनिव्हर्सिटीचं पत्र होतं. बी.एस्सी.ला मंजुरी मिळाली होती. साहेब म्हणाले, पुढे वाचा. खाली एक अट होती. उपकरणं ठीक आहेत, पण संबंधित लेक्चररनं पहिल्या वर्षाच्या बॅचबरोबर सर्व प्रॅक्टिकल स्वतःच्या हातानं करावीत, स्वतंत्र जर्नल ठेवावं, आणि वर्षाअखेरीस ते बाहेरच्या परीक्षकाकडून तपासून घ्यावं.

“हू इज धिस लेक्चरर?” साहेबांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. त्यांना फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

“मीच, सर.”

वर्षभर मी पोरांच्या रांगेत बसून प्रॅक्टिकल केली. सकाळी त्यांना शिकवायचो, दुपारी त्यांच्याबरोबर शिकायचो. कमलची आणि माझी जोडी लावली होती, आणि ती मला एकदाही नुसतं लिहू देत नसे. “सर, आता तुमी पाहा” म्हणून वही ओढून घ्यायची. माझं जर्नल खाडाखोडीनं भरलं. आकडे पुसलेले, पुन्हा लिहिलेले, एका पानावर स्पिरिट सांडलेलं. ज्या अक्षरावर मी डिग्री मिळवली, ते त्या वहीत कुठंही दिसत नव्हतं. वर्षाअखेरीस परीक्षक आले. कमलच्या जर्नलवर लिहिलं, व्हेरी गुड. माझ्यावर लिहिलं, फेअर.

त्यानंतर मी बरीच वर्षं परीक्षक म्हणून फिरलो. एवढं एकच शिकलो की ज्या वहीत एकही खाडाखोड नाही, ती वही आधी तपासावी. बाकीच्या आपोआप तपासल्या जातात.

निकाल लागला त्या दिवशी विठ्ठलराव स्वतः कॉलेजात आले. कमल पहिल्या वर्गात आली होती. त्यांनी पेढा माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, “अन् सर, तुमचं काय झालं?”

“पास,” मी म्हणालो. “पण तुमच्या पोरीच्या मागं.”

“चालते. पण यंदा पांढरकवड्याचे पाहुणे पुन्हा आल्ते. म्हणे, आता एक वर्स झालं, पुरे करा शिक्षण.”

मी पेढा हातातच धरून थांबलो. “मग तुमी काय म्हटलं?”

“मी म्हटलं, पोरीचा मास्तरच आता कुठं पह्यलं वर्स पास झाला. त्याईचे दोन वर्स अजून बाकी हायत. मास्तर सुटल्याबिगर पोरगी कशी सुटंल?”

त्यांना वाटत होतं की अट तिन्ही वर्षांची आहे. मी ती चूक दुरुस्त केली नाही. पुढची दोन्ही वर्षं मी बॅचबरोबर बसलो, जर्नल ठेवलं, आणि दर निकालाला त्यांना जाऊन सांगितलं की पास झालो. तिसऱ्या वर्षी आम्ही दोघंही सुटलो.